बिघाड कुठे आहे?

आपल्या व्यापारी घरांतून डॉक्टर होणाऱ्या मुलामुलींची संख्या अलीकडे वाढली आहे आणि त्यांच्यामुळे आईवडिलांच्या शब्दसंग्रहातही भर पडू लागली आहे. बेअरिंग, व्ही-बेल्ट आणि ऑइल सील यांच्या व्यापारात ज्याची तीस वर्षे गेली, अशा माझ्यासारख्या माणसाच्या जेवणाच्या टेबलावर आज 'मेडुला', 'थॅलॅमस', 'इंटर्नल कॅप्सूल' हे शब्द चटणी-लोणच्याइतके सहज वावरतात. कन्या एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षेपूर्वीची अभ्यासाची सुट्टी तिने वसतिगृहात न काढता रावेतच्या घरी काढली. त्या दीड महिन्यात न्यूरॉलॉजीची, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांची जी उजळणी आमच्या घरात झाली, तिच्याविषयी हे लिहीत आहे.

हा विषय भीतिदायक वाटतो, ही एकट्या आमच्या कन्येची तक्रार नव्हे. राल्फ जोझेफोविच या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने १९९४ साली विद्यार्थ्यांच्या या भीतीला 'न्यूरोफोबिया' असे नावच देऊन टाकले. कारण समजण्यासारखे आहे. मेंदूची रचना शिकवली जाते पहिल्या वर्षी. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या, चौदाशे ग्रॅमच्या आसपास भरणाऱ्या त्या अवयवाचे छेद पाहायचे, त्यातून जाणाऱ्या वाटा रंगीत पेन्सिलींनी काढायच्या, मेंदूपासून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांची नावे एका विनोदी इंग्रजी ओळीच्या आधारे पाठ करायची आणि परीक्षा संपली की विसरायची. पुढे दोन-तीन वर्षांनी वॉर्डात जो रुग्ण भेटतो तो चित्रातला नसतो. तो सांगतो, 'जेवताना घास हातातून निसटतो' किंवा 'अंधारात चालताना तोल जातो'. त्या साध्या वाक्यावरून मागे मागे जात पहिल्या वर्षीच्या नेमक्या त्या रंगीत रेघेपर्यंत पोहोचता आले पाहिजे. ती रेघ तोवर पुसट झालेली असते.

परीक्षकाचा पहिला प्रश्न रोगाच्या नावाचा नसतो. 'बिघाड कुठे आहे?' असे तो विचारतो. मेंदूच्या पृष्ठभागावर, आत खोल, मज्जारज्जूत, नसेत, की थेट स्नायूत? 'बिघाड काय आहे?' हा प्रश्न त्यानंतरचा, आणि त्याचे उत्तर बहुधा काळावरून मिळते. क्षणात घडले तर रक्तवाहिनीचा संशय, काही दिवसांत वाढले तर जंतुसंसर्ग किंवा दाह, महिन्यांनी वाढत गेले तर गाठ, वर्षानुवर्षे हळूहळू वाढले तर झीज. भोसरीच्या कारखान्यातला जुना फिटर यंत्र उघडण्याआधी नुसत्या आवाजावरून कुठले बेअरिंग गेले ते सांगतो. मला हा विषय आवडू लागला तो या साम्यामुळे.

इंटर्नल कॅप्सूल मात्र मला उमगले ते आमच्या रावेतच्या पाण्यामुळे. पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलले जाते, निगडीच्या सेक्टर २३ मधील केंद्रात शुद्ध होते आणि तेथून पिंपरी-चिंचवडच्या बहुतेक भागांत पोहोचते. (ज्या गावातून शहराला पाणी जाते, त्या गावालाही २०१९ च्या नोव्हेंबरपासून ते दिवसाआडच मिळू लागले, हा भाग वेगळा.) एखाद्या कॉलनीतली जलवाहिनी फुटली तर त्या कॉलनीचे नळ कोरडे पडतात, रावेतच्या उपसा केंद्राची वीज गेली तर अर्ध्या शहरात बोंब होते. कन्या म्हणाली, "पप्पा, अगदी तसेच. हात, पाय, चेहरा यांना हुकूम देणाऱ्या जागा मेंदूच्या पृष्ठभागावर ऐसपैस पसरलेल्या आहेत. पण तिथून निघालेले तंतू खाली उतरताना एका अरुंद पट्टीत दाटीने एकत्र येतात. ती पट्टी म्हणजे इंटर्नल कॅप्सूल." तिथे वाटाण्याएवढा बिघाड झाला तरी चेहरा, हात आणि पाय एकदम लुळे पडू शकतात, पृष्ठभागावर तेवढ्याच बिघाडाने कदाचित फक्त हातच दुबळा होईल. पुढे मेडुलाच्या खालच्या टोकाशी यांतले बहुतेक तंतू बाजू बदलतात. म्हणून डाव्या मेंदूतला बिघाड उजव्या अंगात दिसतो.

आमच्या घरी तो तीन वर्षांपासून दिसतो आहे. भाऊ, म्हणजे माझे वडील. नातवंडेही त्यांना भाऊच म्हणतात. चिंचवडच्या जुन्या दुकानाचे शटर उघडत असताना त्यांचा उजवा हात खाली आला तो आलाच, आणि तोंडातून शब्द फुटेना. गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ते त्यांना त्या मुदतीत मिळाले. पाय पुष्कळ सुधारला, काठी घेऊन ते सोसायटीच्या बागेत दोन फेऱ्या मारतात. उजवी मूठ मात्र नीट वळत नाही, आणि वाणी फारशी परतली नाही. चाळीस वर्षे रोज रात्री रोजमेळ लिहून मगच झोपणारा माणूस आता 'हं' आणि 'अरे' या दोन आवाजांवर दिवस काढतो.

कन्येला उजळणीसाठी रुग्ण हवा होता. तिने आधी भाऊंची परवानगी मागितली. वॉर्डात रुग्णाला विचारावे लागते, मग घरी का नाही, असे तिचे म्हणणे. भाऊंनी डावा हात असा काही पुढे केला, जणू गिऱ्हाईकाला म्हणत आहेत, बघा माल.

मग रोज सकाळी दिवाणखान्यात तपासणी चाले. वास ओळखण्यासाठी डोळे मिटून कॉफी आणि लवंग. दोन्ही नाकपुड्या वेगवेगळ्या. स्पर्शासाठी कापूस. गुडघ्यावर रबरी हातोडी. तळपायाच्या बाहेरच्या कडेने टाचेपासून पुढे दुकानाच्या चावीने रेघ ओढली, तर डाव्या पायाचा अंगठा खाली वळे आणि उजव्याचा सावकाश वर उठे. जोसेफ बाबिंस्की या पॅरिसच्या डॉक्टरने १८९६ साली या अंगठ्याकडे जगाचे लक्ष वेधले. वरच्या वाटेत, म्हणजे मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंतच्या मार्गात कुठे तरी इजा आहे, हे तो अंगठा सांगतो. अंगठा खोटे बोलत नाही, असे माझ्या पत्नीने त्यावर शेरा मारला. आमच्या धंद्यात तो अंगठ्याच्या ठशाबद्दल मारतात.

चेहऱ्याची तपासणी मला सर्वांत उपयोगी वाटली आणि ती प्रत्येक घरात ठाऊक असावी. भाऊंचे ओठ उजवीकडे उतरलेले आहेत, पण भुवया वर करायला सांगितल्या तर कपाळावर दोन्ही बाजूंना सारख्या आठ्या पडतात. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतो, त्यामुळे एका बाजूच्या मेंदूचा झटका कपाळाला सोडून देतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या गोदामातील एका हमालाचे तोंड एका रात्रीत वाकडे झाले होते. त्याचे कपाळही त्या बाजूला गुळगुळीत झाले होते आणि डोळा मिटत नव्हता, म्हणजे बिघाड मेंदूत नसून चेहऱ्याच्या नसेत होता. त्याला 'बेल्स पाल्सी' म्हणतात. औषधोपचाराने तो दोन महिन्यांत बरा झाला. अर्थात कपाळ पाहून घरीच निकाल लावायचा नसतो. तोंड अचानक वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, तर घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवायची आणि थेट इस्पितळ गाठायचे.

केवळ पाहण्याने किती साधते, याचे एक उदाहरण कन्येने सांगितले ते मुंबईचे आहे. जे.जे. रुग्णालयातील डॉ. नोशीर वाडिया यांनी तोल जाण्याचा आनुवंशिक विकार असलेल्या काही कुटुंबांत एक गोष्ट हेरली: या रुग्णांचे डोळे एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे झटकन न वळता संथपणे सरकत. अशा नऊ कुटुंबांचा अभ्यास त्यांनी डॉ. स्वामी यांच्यासह १९७१ साली 'ब्रेन' या इंग्लंडच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. आजही जगभरचे न्यूरॉलॉजिस्ट त्या संथ नजरेचा आधार घेतात. त्याच वर्षी लंडनमध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला सी.टी. स्कॅन झाला, वाडियांच्या हाती तो नव्हता. १९७१ चीच डोळे येण्याची ती मोठी साथ ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. त्या साथीनंतर काही रुग्णांचे पाय पोलिओसारखे लुळे पडले, हेही मुंबईत वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने नोंदवले.

आता मूळ विषयाकडे येतो. आमच्या फर्मची भागीदारी दिवाळीनंतर नव्याने लिहायचे घाटत होते. भाऊ आजही भागीदार आहेत. चार कलमांचा मसुदा तयार होता, त्यावर त्यांची संमती हवी होती. बोलणी चालली असताना एक वडीलधारे नातलग त्यांच्यासमोरच म्हणाले, "त्यांना आता काय कळते? अंगठा घ्या आणि मोकळे व्हा." भाऊ तेव्हा खिडकीतून महामार्गाकडे पाहत होते. त्यांनी मान वळवली नाही. त्यांना ऐकू गेले, हे मला दिसले. समजले किती, हे मला सांगता येत नव्हते आणि घरात कोणालाच सांगता येत नव्हते. या अनिश्चिततेचा भार तीन वर्षे आमच्या सगळ्यांवर होता.

त्या आठवड्यात कन्येच्या उजळणीत वाचाघाताचे प्रकरण आले. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने असा एक रुग्ण पाहिला, जो काहीही विचारले तरी 'तान' एवढेच बोले. रुग्णालयात त्याचे नावच तान पडले होते. बोललेले मात्र त्याला बऱ्यापैकी समजत असे. तो वारल्यावर ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा आढळली. तेरा वर्षांनी, १८७४ साली, कार्ल वेर्निके या सव्वीस वर्षांच्या जर्मन डॉक्टरने उलट प्रकार वर्णिला: रुग्ण अस्खलित बोलतो, पण त्या बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणे त्याला उमगत नाही. म्हणजे 'वाचा गेली' या एका वाक्यात आपण निदान दोन वेगळ्या हानी कोंबतो. भाऊंची कोणती, हे पाहणे कन्येला परीक्षेसाठी आवश्यक होते. आम्हाला ते वेगळ्याच कारणासाठी हवे होते.

तिने एका कागदावर बरोबरची खूण काढली, दुसऱ्यावर फुली. झटका आलेल्या काही रुग्णांच्या तोंडून 'नाही'च्या जागी 'हो' निघून जाते, म्हणून नुसत्या हुंकारावर विसंबायचे नाही आणि प्रत्येक प्रश्न उलटा करून पुन्हा विचारायचा. "आपण चिंचवडला राहतो का?" भाऊंचे बोट फुलीवर. "आपण रावेतला राहतो का?" बोट खुणेवर. "दगड पाण्यावर तरंगतो का?" "दगड पाण्यात बुडतो का?" असे वीस प्रश्न. भाऊ एकदाही चुकले नाहीत. दगडाच्या प्रश्नाला तर त्यांनी नातीकडे अशा नजरेने पाहिले की ती हसू लागली. मग तीन पायऱ्यांची सूचना: डोळे मिटा, डावा कान धरा, खिडकीकडे बोट दाखवा. क्रमाने, बिनचूक.

पण तिची तपासणी तेथे थांबली नाही, आणि मला तिचा अभिमान वाटतो तो यासाठी. तिने विचारले, "वाघाला सिंहाने मारले. मेला कोण?" वाघ आणि सिंह अशी दोन चित्रे समोर होती. भाऊंनी सिंहावर बोट ठेवले. वाक्य फिरवून पुन्हा विचारले, पुन्हा गफलत. ब्रोकाच्या प्रकारच्या वाचाघातात असेच होते, असे ती म्हणाली. शब्द कळतात, साधी वाक्ये कळतात, पण ज्या वाक्याचा अर्थ केवळ विभक्तीच्या प्रत्ययावर किंवा वळणदार रचनेवर तोललेला असतो, ते हातातून निसटते. तेव्हा 'त्यांना सगळे कळते' हेही खरे नव्हते. 'काही कळत नाही' हे तर साफ खोटे होते. त्यांच्या आकलनाची हद्द कुठे आहे, ते त्या सकाळी प्रथमच रेघ ओढल्यासारखे दिसले.

दुसरे एक कोडेही सुटले. भाऊ पहाटे नवकार मंत्र म्हणतात, पूर्ण, स्पष्ट, एकही पद न गाळता. तोच माणूस पाणी मागताना पेल्याकडे हात करतो. भेटायला येणारे म्हणत, "नवकार येतो, मग पाणी म्हणता येत नाही? ते मनावरच घेत नाहीत." आईला हे बोल फार लागत. जन्मभर रोज म्हटलेले, क्रमाने ओठांवर रुळलेले बोलणे आणि नवा शब्द शोधून जुळवलेले बोलणे या मेंदूला वेगळ्या गोष्टी आहेत. वाचा गेलेले कित्येक रुग्ण एक ते वीस अंक म्हणतात, आठवड्याचे वार म्हणतात, ओळखीचे गाणे गातात. पण मधलाच एखादा वार विचारला तर अडतात. कन्येने अंक म्हणून घेतले, सतरापर्यंत भाऊ सुरळीत गेले. मग तिने नुसते "आज कोणता वार?" असे विचारले. ओठ हलले, शब्द आला नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही, पण तेव्हापासून कोणी पाहुणे 'मनावर घेत नाहीत' म्हणू लागले की हा मंगळवार-बुधवारचा खुलासा तीच करते.

पाठांतरावरून आठवले. परीक्षेच्या दिवसांत कन्या पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत बसली की आई तिच्या हातातून ते काढून घेई आणि म्हणे, "मिटून सांग." आईने प्रतिक्रमण असेच पाठ केले होते, वाचून नव्हे, पुस्तक मिटून, अडखळत, दुसऱ्याला विचारत. आपल्याकडे स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. वाचणे ही त्यातली पहिलीच पायरी. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रयोग करून दाखवले की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्याला पाच मिनिटांनी अधिक आठवते, पण आठवड्याने अधिक आठवते ते मिटून स्वतःची परीक्षा घेणाऱ्याला. कन्येने हे मोठ्या उत्साहाने आजीला सांगितले. आजी म्हणाली, "बरं. आता मिटून सांग."

चाकणच्या रस्त्यावरचे दुचाकीचे अपघात हाही तिच्या अभ्यासाचा भाग होता. त्यातले एकच सांगतो, कारण आपली मुले आणि कामगार त्या रस्त्याने रोज जातात. डोक्याला मार लागून क्षणभर शुद्ध हरपलेला माणूस कधी कधी उठून बसतो, बोलतो, चहाही घेतो आणि काही तासांनी गुंगीत जातो. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचत असते. मधल्या शुद्धीच्या काळावर भुलून त्याला घरी निजवू नये.

कन्येची तपासणी म्हणजे दाखला नव्हे, हे तिनेच आम्हाला बजावले. म्हणून आम्ही भाऊंना न्यूरॉलॉजिस्टकडे आणि वाचा-उपचारतज्ज्ञांकडे नेऊन रीतसर लेखी अहवाल घेतला. त्यातील निष्कर्ष तिच्या वहीतल्या निष्कर्षाशी जुळले. वकिलांनी मसुदा आधी कायद्याच्या भाषेत लिहिला होता. एकेक वाक्य सहा-सहा ओळींचे, मेला वाघ की सिंह हे मलाही कळू नये असे. तो फोडून प्रत्येक कलमाची चार-पाच छोटी वाक्ये केली.

परीक्षेत कन्येला अर्धांगवायूचा रुग्ण मिळालाच नाही. मिळाला तो दोन्ही पाय दुबळे झालेला, हात पूर्ण शाबूत असलेला एक मध्यमवयीन माणूस. टाचणी बेंबीच्या खाली बोथट लागत होती. बेंबीची पातळी म्हणजे पाठीच्या मज्जारज्जूतील छातीच्या भागाची दहावी नस. तेव्हा 'बिघाड कुठे?' याचे उत्तर तिला देता आले. 'काय आहे?' यावर परीक्षकांशी बराच वाद झाला म्हणे. निकाल अजून लागायचा आहे.

भागीदारीची बैठक परीक्षेनंतरच्या रविवारी झाली. ते नातलगही होते. कन्येने तेच दोन कागद भाऊंपुढे ठेवले आणि एकेक कलम वाचले, सुलट आणि उलट. पहिल्या तीन कलमांना भाऊंनी बरोबरच्या खुणेवर बोट ठेवले. चौथे कलम चिंचवडचे जुने दुकान विकण्याचे होते, आणि मी व धाकटा भाऊ दोघेही त्याच्या बाजूने होतो. "दुकान विकायचे?" भाऊंचे बोट फुलीवर. "दुकान ठेवायचे?" खुणेवर. मग त्यांनी डाव्या हातात पेन्सिल मागून घेतली आणि मसुद्यावरच, चौथ्या कलमासमोर, स्वतः फुली मारली.

"म्हणजे यांना कळते तर!" नातलग म्हणाले. त्या उद्गारात आनंद होता की निराशा, ते मला ठरवता आले नाही.

करार तीन कलमांचाच झाला. दुकानाचा विषय आम्ही दोघा भावांनी पुढच्या दिवाळीवर टाकला आहे. भाऊ दर शनिवारी रिक्षाने चिंचवडला जातात आणि दुपारपर्यंत गल्ल्यावर बसतात.